कोरफडीचे दोन रस

कोरफडीचा रस घरच्या घरी काढून सकाळी उपाशीपोटी पेलाभर घ्यावा, म्हणजे पोट साफ होते, रक्त शुद्ध होते, कांती उजळते, केस दाट होतात आणि वर्षानुवर्षे देहात साचलेली सारी विषे पंधरा दिवसांत बाहेर पडतात, असा उपदेश सांप्रत बागेत फिरायला येणाऱ्या निवृत्त गृहस्थांपासून भल्या पहाटे मोबाइलवर आरोग्यमंत्र धाडणाऱ्या आप्तेष्टांपर्यंत सर्व दिशांनी आपल्या कानी येत असतो. उपदेशाबरोबर कृतीही येते, आणि ती इतकी सुटसुटीत असते की तिच्याविषयी शंका काढणारा केवळ आळशी ठरावा: कुंडीतले एक जाडसर पान कापावे, कडेचे काटे काढावेत, तुकडे करून मिक्सरमध्ये फिरवावेत, चवीला लिंबू आणि मध घालावा, आणि प्यावे. काही अधिक उत्साही प्रचारक तर साल काढण्याचाही खटाटोप नको म्हणतात, कारण त्यांच्या मते खरे सत्त्व सालीतच असते. ‘पी हळद आणि हो गोरी’ ही म्हण ज्या समाजाने उतावळ्यांची थट्टा करण्यासाठी रचली, त्याच समाजाने हळदीच्या जागी कोरफड घालून त्या म्हणीचीच उपचारपद्धती करावी, ही मोठी मौज आहे.

माझी हरकत कोरफडीला नाही, ती कुंडीत लावण्याला नाही, आणि तिचा रस घरी काढण्यालाही नाही. हरकत आहे ती या उपदेशाच्या मुळाशी असलेल्या एका गफलतीला. कोरफडीच्या पानात रस एक नसून दोन आहेत, आणि ते गुणाने, रंगाने, चवीने व परिणामाने एकमेकांपासून इतके भिन्न आहेत की त्यांना एकाच नावाने हाक मारणे हीच सगळ्या घोटाळ्याची सुरुवात होय. पान आडवे कापून कापलेली बाजू जरा उजेडात धरून पाहावी: बाहेर चिवट हिरवी साल, तिला आतून लगटून वाहिन्यांची एक बारीक रांग, आणि त्या वाहिन्यांपाशी असलेल्या पेशींत साठलेला पिवळा, उग्र वासाचा, अतिशय कडू चीक, आणि त्याच्याही आत, पानाचा बहुतेक भाग व्यापून बसलेला, काचेसारखा पारदर्शक, बुळबुळीत गर. चिकात ॲलोइन आणि त्याच्या जातीची इतर द्रव्ये असतात, ती जहाल रेचक आहेत. गरात शेकडा ९८ ते ९९ भाग पाणी, आणि उरलेल्या अल्पांशात मुख्यतः ॲसेमॅनन नावाची चिकट शर्करा-साखळी व काही किरकोळ क्षार. पहिले द्रव्य औषध आहे, म्हणून त्याला मात्रा आहे, निषेध आहेत आणि दुष्परिणामही आहेत. दुसरे बरेचसे निरुपद्रवी आहे, आणि निरुपद्रवी असल्यामुळेच त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा धरणे व्यर्थ आहे.

प्रचारकांच्या युक्तिवादाची सारी इमारत या दोन रसांच्या अदलाबदलीवर उभी आहे. पोट कसे झटक्यात साफ होते हे सांगताना ते पुरावा देतात तो चिकाच्या करणीचा. आणि एवढ्या जालीम गोष्टीने अपाय तर होणार नाही ना, असे कोणी विचारले की ते जामीन म्हणून उभा करतात तो गर. प्रत्यक्षात पेल्यात कोणता रस किती उतरला हे मात्र ना ग्रंथावर अवलंबून असते ना श्रद्धेवर; ते अवलंबून असते सुरी सालीपासून किती दुरून फिरली यावर. ज्या कृतीत पिवळ्या चिकाचा उल्लेखच नाही, ती कृती सांगणाऱ्याला आपण लोकांना काय पाजीत आहोत याची खबर नाही, असे म्हणण्यावाचून गत्यंतर नाही.

हे दोन रस निराळे आहेत हे ज्ञान काही प्रयोगशाळांनी आज शोधून काढलेले नाही. व्यापाऱ्यांना ते शतकानुशतके ठाऊक होते, आणि त्यांचा व्यवहार आजच्या नेमका उलटा होता. एडनच्या आखाताच्या तोंडाशी असलेले सोकोत्रा बेट, वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाचा केप प्रांत, ही सारी ठिकाणे कोरफडीच्या निरनिराळ्या जातींच्या वाळवलेल्या चिकासाठी जगभर प्रसिद्ध होती. आपल्या बाजूला काठेवाडातील जाफराबाद या बंदराच्या नावाने ओळखला जाणारा एळिया, म्हणजे हाच वाळवलेला चीक, मुंबईच्या बाजारात येत असे. आणि हे जाफराबाद जंजिऱ्याच्या सिद्दींच्या अंमलाखाली होते, त्यामुळे कोकणच्या इतिहासाचा एक धागा या कडू पदार्थालाही लागलेला आहे, हे जाता जाता नमूद करायला हरकत नाही. चीक काढण्याची रीत सर्वत्र थोड्याफार फरकाने सारखीच: पाने बुंध्याशी कापायची, कापलेले तोंड खाली करून ती उतरत्या पन्हळीत किंवा खड्ड्याभोवती रचायची, न पिळता जे आपोआप गळेल तेवढे गोळा करायचे, आणि आटवून त्याची काळपट ढेप करायची. गराने भरलेले पान मग फेकून दिले जाई. ज्या गरासाठी आज एवढा गाजावाजा चालला आहे तो त्या व्यापाऱ्यांच्या लेखी केवळ कचरा होता, आणि आजच्या कारखान्यात जो चीक कटाक्षाने वेगळा करून काढून टाकतात तोच त्यांचा माल होता. इतक्या स्पष्ट विभागणीनंतर आपण दोन्ही एकत्र वाटून पिण्याचा नवा शोध लावला आहे.

याला उत्तर म्हणून परंपरेची सनद पुढे केली जाते. आमच्या आज्या-पणज्या कोरफड वापरीत होत्या, आयुर्वेदाने तिला कुमारी म्हणून गौरविले आहे, मग तुम्ही कोण विचारणारे? विचारणारा मी कोणी नव्हे. परंतु सनद दाखवायची तर ती पूर्ण वाचून तरी दाखवावी. भावमिश्रांनी भावप्रकाशाच्या गुडूच्यादि वर्गात कुमारीचे गुण सांगताना तिला भेदनी म्हटले आहे, म्हणजे मळ फोडून खाली ढकलणारी, आणि हे वर्णन पाणीदार गराचे नव्हे. सरकारी आयुर्वेदिक औषधकोशात कुमारी या नोंदीखाली जे द्रव्य दिले आहे तो पानांचा वाळवलेला रस आहे, आणि त्याची मात्रा मिलिग्रॅमच्या हिशेबात आहे; पेल्याच्या नव्हे. शार्ङ्गधरसंहितेतले कुमार्यासव घ्या. तिथे ताजा रस आहे खरा, पण तो गूळ, मध, लोह आणि धायटीच्या फुलांसह अनेक द्रव्यांबरोबर मुरवून, आंबवून, गाळून मग औषध ठरतो, आणि वैद्य तो देतात तो जेवणानंतर, चार-दोन चमचे, बरोबरीचे पाणी घालून. रजःप्रवर्तनी वटीत कन्यासार, म्हणजे हाच वाळलेला चीक पडतो, आणि ती गर्भवतीला देऊ नये हे कुठलाही वैद्य सांगेल. उपाशीपोटी पेलाभर कच्चा रस रोज पिण्याची आज्ञा या परंपरेत कुठे आहे, ते प्रचारकांनी दाखवावे.

राहिला आजीबाईंचा दाखला. माझ्या पिढीतल्या बहुतेकांच्या घरी बाळाच्या पोटात वात धरला की काळ्या बोळाचा, म्हणजे याच वाळलेल्या चिकाचा, खडा सहाणेवर पाण्यात उगाळून त्याचा पातळ लेप बेंबीभोवती देत असत, आणि तोही बेताने. खोकल्याला कोरफडीचे पान निखाऱ्यावर भाजून, आतला गर चमचाभर काढून त्यात हळद व मध कालवून मुलाला चाटवीत. बाळगुटी उगाळताना एकेका औषधाचे किती वेढे घ्यायचे याचा हिशेब ज्या स्त्रिया तोंडी ठेवीत, त्यांच्या नावावर पेल्याच्या मापाने औषध पिण्याची जबाबदारी लादणे हा त्या माउल्यांवर अन्याय आहे. राजस्थानात ग्वारपाठ्याची भाजी करतात आणि लाडूही करतात. तिथेही पान सोलून, गराचे तुकडे मिठाने चोळून, उकळून, कडू पाणी टाकून देऊन मगच तो पदार्थ शिजतो. ज्यांनी कोरफड खाल्ली त्यांनी आधी तिचा कडूपणा घालवला. आणि ज्यांनी कडूपणा औषध म्हणून घेतला त्यांनी तो मोजून घेतला.

आता या प्रचाराच्या सर्वांत लाडक्या मुद्द्याकडे वळतो. रस घेतला आणि पोट खळखळून साफ झाले, म्हणजे देहातली घाण निघाली, असा जो अनुभवसिद्ध म्हणून पुढे केलेला दाखला असतो, तो अनुभव खरा आहे आणि त्यातून काढलेला निष्कर्ष खोटा आहे. ॲलोइन जठरात आणि लहान आतड्यात फारसे काही करीत नाही. ते जसेच्या तसे मोठ्या आतड्यापर्यंत पोचते, तिथले जिवाणू त्याचे विघटन करतात, आणि त्यातून निपजणारे द्रव्य आतड्याच्या अस्तराला चेतवून पाणी आणि क्षार आत ओढून घेते व आतड्याचे आकुंचन वाढविते. या सगळ्याला सहा ते बारा तास लागतात. म्हणूनच रेचक म्हणून चीक देणारे तो रात्री निजताना देत. सकाळी उपाशीपोटी रस घेऊन तासाभरात शौचाला धावणारा मनुष्य ज्याला गुण म्हणतो तो बहुधा लोटाभर पाण्याचा, चहाचा किंवा निव्वळ श्रद्धेचा असतो. आणि जे बाहेर पडले ती घाण कसली? पडले ते पाणी आणि पोटॅशियम. विषे गाळण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे अहोरात्र करीतच असतात. त्यांना कोरफडीच्या परवान्याची गरज नाही.

हेच रोज चालू राहिले म्हणजे काय होते, ते वैद्यकाला चांगले ठाऊक आहे. शरीरातले पोटॅशियम घटले की स्नायूंबरोबर आतडीही सुस्त होतात, आतडी सुस्त झाली की मळ साचतो, मळ साचला की मनुष्य पुन्हा रस पितो. या चक्राला प्रचारक ‘शरीराला सवय लागली’ असे गोंडस नाव देतात. ज्याला हृदयविकारासाठी डिगॉक्सिन किंवा रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू आहे, त्याच्या बाबतीत हे पोटॅशियमचे घटणे केवळ थकव्यावर थांबत नाही, हृदयाची लय बिघडण्यापर्यंत जाते. अशा प्रकारची रेचके वर्षानुवर्षे घेणाऱ्यांच्या मोठ्या आतड्याच्या अस्तरावर काळपट रंग चढतो, तो दुर्बिणीतून तपासणाऱ्या डॉक्टरांना सहज ओळखू येतो. रंग स्वतः फार घातक नाही असे मानतात. पण शुद्धी करून घेण्यासाठी केलेल्या उपायाने आतून काळे पडावे, ही त्या शुद्धीची चांगलीच पावती झाली.

विरुद्ध बाजूचे लोकही अतिशयोक्तीत मागे नाहीत, तेव्हा त्यांच्यापुरतेही दोन शब्द. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००२ साली कोरफडीचा चीक असलेली रेचके चिठ्ठीविना विकायच्या औषधांतून काढली, कारण त्यांच्या सुरक्षिततेविषयी पुरेशी माहिती उत्पादकांनी सादर केली नाही. पुढे त्याच देशाच्या विषविज्ञान कार्यक्रमात संपूर्ण पानाचा, चीक न काढलेला अर्क पिण्याच्या पाण्यातून उंदरांच्या मोठ्या जातीला, म्हणजे घुशीसारख्या प्रयोगी प्राण्यांना, दोन वर्षे दिला, तेव्हा त्यांच्या मोठ्या आतड्यात अर्बुदे आढळली. लहान उंदरांत ती आढळली नाहीत. त्या आधारावर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने संपूर्ण पानाच्या अर्काला ‘मानवास कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या २बी वर्गात घातले. एवढ्यावरून ‘कोरफडीने कर्करोग होतो’ अशी आवई उठवणे चुकीचे आहे. तो वर्ग शंकेचा आहे, निकालाचा नाही, आणि शंका आहे ती चिकासकटच्या अर्काविषयी. मात्र ‘साल काढूच नका, सालीतच सत्त्व असते’ असे सांगणाऱ्यांनी हे अवश्य ध्यानी घ्यावे की संशोधकांनी त्या प्राण्यांना जे पाजले ते जातीने तेच होते, जे ते आपल्या शेजाऱ्यांना मिक्सरमधून काढून देत आहेत.

गराच्या बाजूने जे खरोखर बोलण्यासारखे आहे ते मी नाकारीत नाही. १९३५ साली अमेरिकेतील दोन वैद्यांनी क्ष-किरणांनी भाजलेल्या त्वचेवर ताज्या पानाचा उपयोग झाल्याचे लिहिले, आणि आधुनिक वैद्यकाचे या वनस्पतीकडे लक्ष वळले ते तिथून. म्हणजे बाहेरून लावण्यातून. पोटात घेण्याविषयी, मोठ्या आतड्याला व्रण पडलेल्या ४४ रुग्णांवरचा एक प्रयोग २००४ साली प्रसिद्ध झाला. दिवसातून दोनदा १०० मिलिलीटर गर चार आठवडे घेणाऱ्यांत काहीसा अधिक उतार दिसला. ही आशेची गोष्ट आहे, पण ४४ माणसांच्या आशेवर अवघ्या गृहसंकुलाचा दिनक्रम बसवता येत नाही. पोषणाचे म्हणाल तर साधे त्रैराशिक मांडावे: २०० ग्रॅमच्या पेल्यात घन पदार्थ दोन ते चार ग्रॅम. त्यात ‘दोनशे पोषकद्रव्ये’ असतील तर असोत बापडी. त्यांच्या वाट्याला जागा किती आली असेल याची कल्पना करावी. मूठभर मेथी किंवा एक आवळा या बाबतीत अधिक प्रामाणिक आहे.

मग बाटली आणावी काय? बाटलीवाल्यांचा दावा असा की घरी चीक पूर्णपणे निघत नाही, आम्ही तो कोळशातून गाळून काढतो. दाव्याचा पूर्वार्ध खरा आहे, आणि उत्तरार्ध ज्या कारखान्यात खरा असतो तिथे त्याला मोल आहे. कोरफडीच्या उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने पिण्याच्या रसात ॲलोइनची मर्यादा दहा लाख भागांत दहा भाग इतकी ठरविली आहे, आणि घरच्या सुरीला तेवढी नजर नसते हे उघड आहे. परंतु गाळणे, तापविणे आणि साठविणे या प्रवासात ॲसेमॅनन झिजते, टिकाऊपणासाठी सोडियम बेन्झोएट पडते, आणि घट्टपणा पुन्हा आणायला कधी माल्टोडेक्स्ट्रिनची भर पडते. किंमत पाहता, पाण्याला एवढा भाव पूर्वी कोणी दिला नसेल.

ज्याला एवढे सारे ऐकूनही घरी रस करायचाच आहे त्याने तो नीट करावा. आधी झाड ओळखावे: कुंडीत शोभेसाठी लावलेली प्रत्येक काटेरी, मांसल पानांची वनस्पती खायची कोरफड नसते, आणि शेताच्या बांधावरचे घायपात तर मुळीच नव्हे, त्याच्या रसाने तोंड-घसा सोलवटतो. झाड दोन-तीन वर्षांचे असावे आणि पान सर्वांत खालचे, बाहेरचे, बुंध्याशी कापलेले असावे. ते कापलेले तोंड खाली करून एखाद्या भांड्यात तिरपे उभे करावे. काही क्षणांत पिवळसर थेंब जमू लागतात, भांड्याच्या तळाशी त्यांची रेघ होते आणि हवा लागून ती तपकिरी पडते. ज्या कपड्यावर ती पडेल त्यावर डाग राहतो. थेंब थांबेपर्यंत, अर्धाएक तास तरी, घाई करू नये. मग पान धुवावे, कडा आणि टोक कापून टाकावे, आणि साल काढताना सुरी सालीला घासून न नेता गरात जाड शिरवावी. हिरवी झाक दिसेल तिथे आणखी एक थर उतरवावा, कारण वाहिन्यांची रांग तिथेच असते. गर वाया जातो म्हणून हळहळणाऱ्याने हा उद्योग करूच नये. उरलेली पारदर्शक वडी वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुवावी, तुकडे पाण्यात ठेवून ते पाणी एकदा-दोनदा बदलावे, आणि मगच वाटावे. लिंबाने रंग टिकतो, पण गुण टिकत नाही: पान कापल्यापासूनच त्यातली विकरे आणि जिवाणू त्या शर्करा-साखळीचे तुकडे करू लागतात, म्हणून आठवड्याचा साठा करून फ्रिजमध्ये ठेवण्यात अर्थ नाही. त्या दिवसाचे त्या दिवशी, आणि दोन-चार चमचे पुरे.

वाटण्यापूर्वी गराचा कण जिभेवर ठेवून पाहावा आणि कडू लागला तर सगळा टाकून द्यावा, हा सल्ला सर्वत्र दिला जातो व तो योग्यच आहे. पण त्यातही एक मेख आहे. ॲलोइनचा कडूपणा जाणवणे हे जिभेवरच्या विशिष्ट ग्राहकाच्या आनुवंशिक घडणीवर अवलंबून असते, असे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. काहींना ते अत्यल्प प्रमाणातही असह्य कडू लागते, तर काहींना तेवढ्या प्रमाणात त्याची चाहूलही लागत नाही. ‘मला तर मुळीच कडू लागत नाही’ असे अभिमानाने सांगणारा गृहस्थ कदाचित उत्तम सोलणारा नसेल, नुसता मंद जिभेचा असेल. तेव्हा चव घरातल्या दोघा-तिघांनी पाहावी, आणि त्यांपैकी एकाने जरी तोंड वाकडे केले तरी त्याचाच शब्द प्रमाण मानावा.

गर्भवतीने, अंगावर दूध पाजणाऱ्या आईने, लहान मुलांनी, मूत्रपिंडाच्या विकाराच्या रुग्णांनी, आणि हृदयाची, रक्तदाबाची वा मधुमेहाची औषधे चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून हा रस घेऊ नये. आणि मूळव्याधीने किंवा आतड्याच्या दाहाने बेजार असलेल्याने ‘पोट साफ’ करण्याच्या मोहात तर मुळीच पडू नये. प्रचारकांकडे माझे मागणे फार नाही. त्यांनी आपल्या कृतीत पान मिक्सरमध्ये टाकण्याच्या आधी पिवळ्या चिकाची एक ओळ घालावी, शेवटी वरच्या माणसांची नावनिशी द्यावी आणि पेल्याच्या जागी चमचा लिहावा. एवढी दुरुस्ती झाली तर त्यांच्या निरोपांवर माझी काही तक्रार राहणार नाही, पहाटे साडेपाचला येणाऱ्या घंटेखेरीज.